छोट्या संस्थेने नाव होण्यासाठी घरून काम करणारा अर्धवेळ माणूस ठेवावा का? की उगाच खर्च?

माळावरचा (धागाकर्ता)
बीडकडे आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या बारक्या संस्था आहेत. दिवाळी झाली की यांची पळापळ सुरू होते ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत, आणि नेमकं त्याच काळात सीएसआरचे (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशाचे) अर्ज, देणगीदारांचे फोन, वर्षअखेरचा हिशोब सगळं अंगावर येतं. काम एक नंबर पण तालुक्याबाहेर कुणाला नाव माहीत नाही. माझं मत स्पष्ट आहे, अशांनी दिवसाला दोन-तीन तास घरून काम करणारा एक माणूस ठेवावा, पुण्यात असो नाहीतर सांगलीत, पण पगारी. स्वयंसेवक हौसेने येतो, दोन पोस्ट टाकतो आणि परीक्षा आली की गायब, त्याला जाब विचारणार कोण.

एका संस्थेचं जवळून बघितलंय. अर्जात दरवर्षी तेच वाक्य, 'अनेक गरजू मुलांना लाभ झाला'. मग एक मुलगी ठेवली घरून काम करायला, तिने पहिल्याच आठवड्यात फोन करून विचारलं, दादा मागच्या हंगामात किती पोरं राहिली, मधेच किती जण आईबापाकडे फडावर गेली, त्यातली परत किती आली? कुणालाच सांगता येईना. मग हजेरीचं रजिस्टर काढलं, कार्यकर्ता एकेका पानाचा फोटो काढून पाठवत बसला, तिने महिनावार तक्ता केला तेव्हा दिसलं की संक्रांतीनंतर मुलींची हजेरी घसरते कारण धाकटं भावंड सांभाळायला त्यांना फडावर बोलावून घेतात. पुढच्या अर्जात तेच लिहिलं, आणि पहिल्यांदाच समोरून उलटा फोन आला. रजिस्टर तर आधीपासून होतंच की कपाटात!

खडूफळा
नाही पटलं भाऊ. महिन्याला ८-१० हजार म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाच्या मावशींचं मानधन, पोरांनी काय तक्ता खायचा? आणि नाव नाव काय लावलंय, कोयता घेऊन निघालेली बाई वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर मागे ठेवते ते बघा, ती काय फेसबुक पेज बघून ठेवत नाही. ही ओळख कमवायला गावात वर्षानुवर्षं जातात. वस्तीवर एकदाही पाय न ठेवलेला माणूस काय लिहिणार? हल्ली सगळ्यांचे अहवाल एकाच साच्यातले येतात, संस्थेचं नाव बदला, जिल्हा बदला, कुणाला कळणारही नाही.

पावतीपुस्तक
दोघंही प्रसिद्धीवरच अडकलात राव. ओळख म्हणजे आधी कागद. मी ट्रस्टची हिशोबाची कामं करतो त्यामुळे रोज बघतो, वारलेले विश्वस्त धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी अजून विश्वस्तच असतात, बदल अर्ज दिलेलाच नसतो. १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी २०२१ पासून कायमची राहिली नाही, मुदत संपायच्या किमान ६ महिने आधी परत अर्ज लागतो, हेच कित्येकांच्या गावी नाही. सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरल्याशिवाय कंपनीला तुम्हाला सीएसआरचे पैसे देताच येत नाहीत. आणि १०बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण, ३१ मेपर्यंत गेलं नाही तर दिवसाला २०० रुपये लेट फी, वर देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट मिळत नाही म्हणजे त्याची करसवलत गेली. तो माणूस पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलेल का? ही सगळी कामं घरबसल्या होतात. फक्त ओटीपी अध्यक्षांच्या मोबाईलवर येतो आणि अध्यक्ष रेंजमधे नसतात तो भाग वेगळा 😄

खडूफळा
मग सीए कशाला असतो?

पावतीपुस्तक
सीए सही करेल. ज्यांनी जीपेवर पैसे टाकले त्या शंभर लोकांकडून पॅन नंबर गोळा करायला सीए फोन करत बसणार का?
आणि तो '५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही' वाला गैरसमज पण सोडा, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. बजेटमधे या माणसाचा पगार उघड लिहा, लाजता कशाला.

अर्धाडबा
मी हेच काम करते, दोन संस्थांसाठी, घरून. थोडं कडू बोलते. 'अर्धवेळ' हे फक्त पगारापुरतं असतं. रात्री साडेदहाला सात मिनिटांची व्हॉइस नोट येते, 'ताई एवढं सकाळपर्यंत इंग्रजीत करून द्या'. एका ठिकाणी मानधन तीन-तीन महिने थकायचं, कारण 'तुम्ही तर घरीच असता'. तेव्हा माळावरचे दादा, ठेवा म्हणणं सोपं आहे, आधी कामाचे तास आणि कामांची यादी कागदावर घ्या.

दुसरं म्हणजे फोटो. ग्रुपवर पोरांचे चेहरे, नावं, गाव सगळं पडलेलं असतं आणि वरून फर्मान, 'भावनिक लिहा'. मी नाही म्हणते. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आडवं येतं, हंगामी वसतिगृहातली सगळी पोरं त्यात बसतात का यावर खुशाल वाद घाला, पण पाठमोरा फोटो काढायला काय जातं? आणि खडूफळा काकांचं एक बरोबर आहे, वर्षातून एकदा तरी मुक्कामाला जायलाच पाहिजे. मी जाते. एसटीचं भाडं पदरचं.

न्यूजर्सीकर
इकडून बघताना काय दिसतं ते सांगतो. महाराष्ट्र फाउंडेशनच्या पुरस्कारांमुळे मोजकी नावं इथल्या लोकांपर्यंत पोचतात, बाकीच्यांना शोधायला गेलं तर वेबसाईट २०१७ ला थांबलेली आणि ईमेलला उत्तर नाही. मी एका संस्थेला साधं विचारलं की एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) नसताना माझे पैसे घेता येतील का, दोन महिने काही नाही. खरं उत्तर दोन ओळींचं आहे, भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डवाला झालेल्याचे मात्र धरतात. हे उत्तर तयार ठेवणारा एक माणूस असता तर मी आणि माझे चार मित्र तिथेच टिकलो असतो.

खडूफळा
ताई, एसटीचं भाडं पदरचं हे वाचून वाईट वाटलं, संस्थेने द्यायलाच हवं. कागदाचंही मान्य. पण मग पुणं-सांगलीच का? त्याच वसतिगृहात राहून बारावी झालेल्या मुली आहेत, मोबाईल आपल्यापेक्षा भारी चालवतात, एमएससीआयटी झालेलं असतं. पॅन नंबर गोळा करायला आणि रजिस्टर उतरवायला इंग्रजी कशाला लागतंय? तिला द्या ते ८ हजार, निदान लग्न वर्षभर लांबेल.

माळावरचा
हे आवडलं, पण सीएसआरचा अर्ज इंग्रजीतच जातो हो, आणि पितृपंधरवड्यात पुण्याला 'देणे समाजाचे'सारख्या संस्थांच्या प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहायचं किंवा 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रमासाठी माहिती पाठवायची तर दहा ओळींत काम सांगता यायला हवं. ते यायला त्या मुलीला एक-दोन हंगाम लागतील, तोवर अर्धाडबा ताईंसारखं कुणीतरी सोबत हवंच.

खडूफळा
सोबत म्हणजे दोन पगार. मी मावशींचा विषय काढला होता, त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

अर्धाडबा
मी बोलते. माझ्या एका संस्थेत पहिल्या वर्षी माझं मानधन निघालं नव्हतं, दुसऱ्या वर्षी जुन्याच देणगीदारांना वेळेवर सर्टिफिकेट गेली एवढ्यावर निघालं. पहिलं वर्ष कुणाच्या तरी खिशातून जातंच, तेवढं वर्ष काढायची ऐपत नसेल तर ठेवू नका, मावशींचे पैसे तर अजिबात वळवू नका.