सी भाषेत सेट बिट मोजताना ऋण संख्येवर लूप अडकतो

खानापूर_कोडर:
इंटमधले (पूर्णांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधले) सेट बिट, म्हणजे बायनरीतले १, मोजायचेत. शेवटचा बिट तपासायचा, मग सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवायचे (शिफ्ट), संख्या ० होईपर्यंत. धन संख्यांना उत्तर बरोबर येतंय, पण −६ दिलं की प्रोग्राम थांबतच नाही. आणि ह्याहून जलद काय आहे? तेवढं सांगा की.

टिळकवाडी_बिट्स:
ऋण इंट उजवीकडे शिफ्ट केला की नेहमीचे कंपायलर डावीकडून चिन्हाचा बिट, म्हणजे १ च, भरतात. −६ चं −३, मग −२, मग −१. पुढे −१ चं −१ च राहतं, ० येणार कुठून? व्हेरिएबल अनसाइन्ड इंट (ऋण चिन्ह नसलेला) करा, डावीकडून ० भरेल. −६ ला ३२ बिटांत उत्तर ३० येईल, ते बरोबरच आहे. उजवीकडून पहिलं आणि तिसरं घर सोडलं तर सगळीकडे १ असतात.

जलद हवं तर दर फेरीला क्ष = क्ष & (क्ष − १) करा. १ वजा केला की सगळ्यात उजवीकडच्या १ चा ० होतो आणि त्याच्या उजवीकडचे ० सगळे १ होतात. मूळ संख्येशी अँड केल्यावर (दोन्हीकडे १ असेल तिथेच १ राहतो) नेमका तो एकच १ पुसला जातो. बेळगावचा पिनकोड घ्या, ५९०००१:

१००१ ०००० ०००० १०११ ०००१

५९०००१ → ५९०००० → ५८९९८४ → ५८९९५२ → ५८९८२४ → ५२४२८८ → ०

सहा फेऱ्या, सहा सेट बिट. शिफ्टच्या लूपला इथे २० लागतात. कागदावर एकदा करून बघाच.

निपाणी_सिस्टम्स:
जीसीसी किंवा क्लँग कंपायलर असेल तर लूप लिहूच नका, सेट बिट मोजून देणारा __बिल्टइन_पॉपकाउंट वापरा. फक्त तो अनसाइन्ड इंट घेतो. ६४ बिटांची लाँग लाँग दिलीत तर वरचे ३२ बिट गुपचूप कापले जातात. २ चा ४० वा घात दिला तर उत्तर ०! त्यासाठी शेवटी एलएल असलेलं रूप आहे. इंटेल-एएमडीवर कंपाइल करताना −एमपॉपसीएनटी फ्लॅगही द्या, नाहीतर प्रोसेसरची एका झटक्यात मोजणारी सूचना सहसा वापरली जात नाही.

खानापूर_कोडर:
अनसाइन्ड केल्यावर चाललं, आभारी आहे. ० ते न सगळ्यांचे बिट हवे असतील तर?

टिळकवाडी_बिट्स:
मग ॲरे भरत जा: मोज[क] = मोज[क / २] + (क & १). तो कंस विसरू नका. सी मध्ये + आधी होतं, & नंतर, त्यामुळे कंसाशिवाय प्रत्येक उत्तर ० किंवा १ च येईल.