नुसत्या चालीवरून चोर ओळखता येतो का?

आमच्या दादरच्या सोसायटीत चोरी झालीय, सीसीटीव्हीत तोंडाला रुमाल आहे पण चालताना उजवा पाय बाहेर टाकतो ते स्पष्ट दिसतंय. पोलिसांना उपयोग होईल का?

रिप्लाय: होतो की. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात २००० सालीच असा पुरावा आला होता, आपल्याकडे पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाच्या केसमध्येही चालीची तुलना केली होती. फुटेज आजच कॉपी करून घ्या, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जुनं पुसत जातो!

रिप्लाय: पण एवढ्यावरून कुणावर आळ घेऊ नका प्लीज. चप्पल बदलली, खांद्यावर जड बॅग असली की चाल बदलते आणि कॅमेरा सेकंदाला चार-पाचच फ्रेम घेत असेल तर पाऊल नेमकं कसं टेकलं तेच दिसत नाही.

रिप्लाय: बरोबर. शिवाय असा पाय टाकणारे मुंबईत हजारो असतील.