सी ड्राइव्ह लाल! विनएसएक्सएस फोल्डर उडवला तर चालेल का?

कळफलक: माझ्याकडे विंडोज ११, ८ जीबी रॅम, १२८ जीबीचा एसएसडी. सी ड्राइव्हवर ४ जीबी उरलेत, त्यामुळे अपडेट मध्येच अडतंय. प्रॉपर्टीजमध्ये विनएसएक्सएस १२ जीबी, विंडोज डॉट ओल्ड १९ जीबी आणि हायबरफिल डॉट सिस ३ जीबीच्या वर दिसतंय. यातलं काय काढू?

खटपट्या: विनएसएक्सएसला (विंडोजच्या घटक-फायलींचा साठा) हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच फायली सिस्टम३२ मधल्याच असतात: फाइल एक, नावं दोन. एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो, म्हणून आकडा फुगतो. खरा आकडा हवा असेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि हे टाइप करा (अर्थात रोमनमध्ये):

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अॅनालाइझकंपोनंटस्टोअर

शेवटी क्लीनअप रिकमेंडेड 'येस' आलं तरच तीच कमांड, /अॅनालाइझकंपोनंटस्टोअरच्या जागी /स्टार्टकंपोनंटक्लीनअप लावून चालवा. मध्येच बराच वेळ टक्का हलत नाही, खिडकी बंद करू नका. पुढे /रीसेटबेस जोडायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण मग आत्तापर्यंतचं कुठलंच अपडेट काढता येत नाही. अपडेटनंतर प्रिंटर रुसला तर अडकाल.

तुमचा खरा माल विंडोज डॉट ओल्डमध्ये (आधीचं विंडोज) आहे. डिलीट दाबून तो जाणार नाही, परवानगी आडवी येते. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्समध्ये जाऊन 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करा. जुन्या आवृत्तीवर परतायची सोय (एरवी १० दिवस असते) त्याबरोबर जाते. आधी आतलं यूजर्स फोल्डर बघून घ्या, तुमच्या फायली राहिल्या नाहीत ना. त्याच यादीत डाउनलोड्सही असतं, सरसकट टिका मारत सुटू नका!

रात्रपाळी: हायबरफिल (हायबरनेट करताना रॅममधलं साठवणारी फाइल) हाताने पुसता येत नाही. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' केलं की जाते, पण फास्ट स्टार्टअपही (कॉम्प्युटर चटकन सुरू होण्याची सोय) जातं. लॅपटॉप असेल तर बॅटरी संपताना काम जपणारं हायबरनेटही गेलं. फास्ट स्टार्टअप ठेवायचं असेल तर '/एच /टाइप रिड्यूस्ड' वापरा. फाइल रॅमच्या ४० टक्क्यांवरून २० वर येते, मात्र हायबरनेट यातही बंदच. पॅरामीटर चुकीचा म्हणाला तर आधी '/एच /साइझ ०' द्या.

अडलेल्या अपडेटसाठी: सर्व्हिसेसमध्ये विंडोज अपडेट थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशनच्या डाउनलोड फोल्डरच्या आतलं सगळं पुसा, सर्व्हिस परत चालू करा.

आज्ञावली: एक भर. विंडोजमधलं इन्स्टॉलर नावाचं लपवलेलं फोल्डर कचऱ्यासारखं दिसतं, पण ते पुसलं की ऑफिससारखी सॉफ्टवेअर्स ना दुरुस्त होतात ना निघतात, मूळ एमएसआय (इन्स्टॉल करायची फाइल) मागत बसतात. आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरच्या नादी लागू नका, जागा काडीचीही सुटत नाही.

कळफलक: अॅनालाइझ केलं. अॅक्च्युअल साइझ ८.९ जीबी, त्यातलं शेअर्ड विथ विंडोज ६.१. रिकमेंडेड: नो.

खटपट्या: म्हणजे शेअर्ड वगळता वरचा भार सुमारे पावणेतीन जीबीच. त्याला सोडा, विंडोज डॉट ओल्ड काढा आणि अपडेट लावा.