कोल्हापूर शहरात ट्रक सोडताना काय बघायचं: साल की धूर?

पंचगंगाकाठ: लक्ष्मीपुरी आणि मार्केट यार्डात बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांचे) ट्रक बंद करा. पीयूसीत धूर मर्यादेत बसला म्हणजे गाडी स्वच्छ, असं नसतं. ते मशीन काळेपणा मोजतं. नायट्रोजन ऑक्साइड त्याला दिसतच नाहीत. बीएस-३ च्या जड इंजिनाला त्यांची मर्यादा किलोवॅट-तासाला ५ ग्रॅम होती, २०२० च्या बीएस-६ ला अर्ध्या ग्रॅमच्या आत. यात वाद कसला?

नोझल-पंप: अर्धा ग्रॅम कधी? सायलेन्सर तापला तर. बीएस-६ मध्ये नायट्रोजन ऑक्साइड मारायला धुरात युरिया फवारतात, पण साधारण २०० अंशांखाली त्याचा उपयोग नसतो. लक्ष्मीपुरीत पहिल्या गिअरमध्ये रांगणारी गाडी तेवढी तापणार कशी? वर काजळीचा फिल्टर जळून साफ व्हायला हायवेची सलग धाव लागते. ती मिळाली नाही की फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, इंजिन ओढ सोडतं. मग कुणीतरी खोटे सिग्नल देणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवून युरियाची सिस्टिमच गंडवतो. आरसी बुकात बीएस-६, बाकी आनंद!

जुन्या गाडीचा रोग निदान दिसतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: चोंदलेला एअर फिल्टर, गळकं नोझल, नाहीतर ओढीसाठी वाढवलेला पंप. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. दुरुस्त होतं हे.

पंचगंगाकाठ: डबीचं मान्य. पण टायमिंग पुढं घेऊन, म्हणजे डिझेल जरा आधी फवारून, धूर घटवलात तर नायट्रोजन ऑक्साइड उलट वाढतात, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय पीयूसीला इंजिन गरम करून अॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा असतो. अर्धाच दाबला की कुठलीही गाडी पास. त्यापेक्षा मोठ्या गाड्या हायवेलगत रिकाम्या करा, आत छोटा हत्ती सीएनजीवर.

हमाली-हिशेब: १० टन म्हणजे ५० किलोची २०० पोती. छोट्या हत्तीत १५ धरली तर १४ खेपा, आणि हमाली दुबार. ती व्यापारी देणार की गिऱ्हाईक? रात्री १० नंतर गाडी आत घ्या, लावली की इंजिन बंद.

साइडगार्ड: धुरावर भांडा खुशाल, पण दुचाकीवाला मागच्या चाकाखाली जातो तो ट्रकच्या बाजूचा, चाकांमधली मोकळी जागा झाकणारा बार नसल्यानं. माल चढवताना अडतो म्हणून काढून ठेवतात, पासिंगच्या दिवशी परत बोल्ट मारतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांतून एकदा, मग दरवर्षी. मधले दिवस गाडी उघडी. शहराच्या वेशीवर तावडे हॉटेलपाशी मोजायची टेप घेऊन उभं राहा: बाजूचा आणि मागचा बार जमिनीपासून ५५० मिलिमीटरच्या आत हवा. मागची रिफ्लेक्टर पट्टी लाल, बाजूची पिवळी, चिखल पुसलेली.

नोझल-पंप: हे पटलं. बोल्ट नवाकोरा चमकतोय का, तेही बघा.