प्रचाराची पोस्टर मुलांकडून रंगवून घ्यावीत का?

चिंचवडकर: काल एका शिक्षिकेची पोस्ट वाचली. नववीच्या वर्गाला पहिल्या महायुद्धातली भरतीची पोस्टर दाखवली, मग प्रत्येकाने एक बाजू निवडून आपलं पोस्टर रंगवलं, उत्तम पोस्टरला बक्षीस. खाली नुसती वाहवा. मला हे अजिबात पटलेलं नाही. हॅरी हॉप्सचं १९१७ चं अमेरिकन पोस्टर आठवा. जर्मन शिरस्त्राण घातलेला गोरिला, एका हातात ‘कुल्टूर’ (म्हणजे जर्मन संस्कृती) लिहिलेला सोटा, दुसऱ्या हातात पळवलेली बाई. असलं झकास जमलं म्हणून १४ वर्षांच्या पोराची पाठ थोपटायची? विश्लेषण जरूर शिकवा. द्वेष रंगवायचा सराव कशाला?

मीरा_के: ती पोस्ट माझीच. विश्लेषण म्हणजे आपल्याकडे काय होतं? ‘चित्रकाराचा हेतू लिहा, गुण २.’ पोरं गाईडमधून उतरवतात. मी सॅव्हिल लमलीचं १९१५ चं ब्रिटिश पोस्टर दाखवलं. मांडीवरची मुलगी बापाला विचारते, महायुद्धात तुम्ही काय केलंत? पायाशी मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतोय. वर्ग म्हणाला, छान कुटुंब आहे! स्वतः काढायला बसल्यावर एकीने विचारलं, ‘मॅडम, बापाला लाज वाटतेय तर त्याने बघायचं कुठे?’ मग सगळे मूळ चित्राकडे वळले. तो बाप मुलीकडे बघतच नाही, थेट आपल्याकडे बघतो. हे गाईडमध्ये सापडत नाही.

सातारकर: सगळं विलायतेचंच. त्या युद्धात आपले १० लाखांहून जास्त लोक गेले, ते कधी शिकवणार? आमचे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पोस्टर कुठलं वाचतात!

जुना खडू: वाचायची गरजच नव्हती. इथल्या भरतीसाठी देशी भाषांत पोस्टर निघाली होती. एकात वर्दी, बंदूक आणि रुपये मांडलेत. हे कोण घेणार? जो ताबडतोब भरती होईल तो. विलायतेत माणसाला लाज दाखवली, इथे पगार.

सातारकर: म्हणजे आमचा म्हातारा पैशासाठी गेला म्हणता? जपून बोला.

जुना खडू: मी पोस्टरबद्दल बोललो, तुमच्या घराबद्दल नाही.

सातारकर: जमीन सावकाराकडे होती. गेले पैशासाठी, त्यात लाजायचं काय? साहेबाच्या लढाईचं प्रेम कुणाला होतं? घरी पैसे यायचे तेव्हा चूल पेटायची. पाठ्यपुस्तकात ‘शौर्य’ एवढंच छापतात आणि माणूस का गेला ते गाळतात, याची चीड येते.

चिंचवडकर: सातारकर, तुमचं दुखणं खरं आहे, पण धागा पार भरकटला. आणि खडू सरांचा ‘लाज आणि पगार’ हा मुद्दा कुणी ब्रश न धरताच निघाला ना? शिवाय एवढी पोस्टर लावूनही १९१६ मध्ये ब्रिटनला सक्तीची भरती आणावीच लागली. पोस्टरने जग हलतं ही समजूत पोरांच्या डोक्यात कशाला घालता?

मीरा_के: सक्तीच्या भरतीचं मी वर्गात सांगितलं नव्हतं, आता सांगेन. बक्षीसही बंद करते. रंगवणं बंद करणार नाही. पुढच्या वेळी वर्दी आणि रुपयांचं पोस्टर आधी लावेन, मग लमलीचं.

सातारकर: लावा. आणि कुत नकाशात दाखवा.

चिंचवडकर: बक्षीस गेलं, तेवढं बरं झालं. पण ही चित्रं पोरं स्टेटसला टाकतील. बघणाऱ्याला हे वर्गकाम आहे हे कोण सांगणार?

मीरा_के: कागदावर करून घेते आणि कागद माझ्याकडेच ठेवते. वर्गात मोबाईल चालत नाही. घरी जाऊन पुन्हा काढलं तर माझ्या हातात नाही.