सिनेटर निवडण्याचा हक्क आमदारांनी सोडला तरी कसा?

दांडियाबाजार_वडोदरा

नमस्कार. 31 वर्षं वडोदऱ्यात नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. लेक न्यू जर्सीत असते. 2024 च्या नोव्हेंबरात तिथे तिचं पहिलं मतदान होतं. टपालाने आलेली कोरी मतपत्रिका तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. लांब कागद, प्रत्येक नावाशेजारी काळा करायचा लंबगोल. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, खासदार, पार शाळा मंडळापर्यंत. मी मात्र सिनेटरपाशीच अडकले.

राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. अमेरिकेच्या 1787 च्या घटनेतही सिनेटर तसेच निवडले जायचे. 1913 च्या 17 व्या घटनादुरुस्तीने तो हक्क थेट लोकांकडे गेला. हे मला पाठ आहे. पण एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते सोडलं कसं?" मी "जनमताचा रेटा" म्हणाले आणि फळा पुसला. ते अजून सलतं. दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, वर तीन चतुर्थांश राज्यांची संमती. म्हणजे आमदारांनी निवडलेले सिनेटर आणि मग ते आमदार, दोघांनीही हो म्हणायचं. असं कोण करतं?

इंदूरचा_वकील

बाई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं बोट ठेवलं. उत्तर आहे ओरेगॉन. तिथे 1904 पासून पक्षांतर्गत निवडणुकीच्या कायद्यात एक प्रतिज्ञापत्र होतं. आमदारकीच्या उमेदवाराने आधीच सही करायची की सिनेटरसाठी जनतेचा कौल ज्याला मिळेल, त्यालाच मी विधिमंडळात मत देईन, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. सही न करणाऱ्याला लोक मतपेटीतून जाब विचारायचे. 1908 मध्ये कौल गेला डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेनना, विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं. तरीही 1909 च्या जानेवारीत त्यांनी चेंबरलेननाच निवडलं. शब्द पाळला! घटनेतलं एक अक्षरही तोवर बदललं नव्हतं. मग इतर राज्यांनीही कमीअधिक असेच मार्ग काढले. कौलावर निवडून आलेले सिनेटर सभागृहात वाढत गेले, तसा विरोध मावळला. हक्क त्यांनी सोडला म्हणण्यापेक्षा तो आधीच हातून गेला होता, दुरुस्तीने फक्त नोंद केली.

रावपुरा

आमदारांचीही सुटका झाली, हे विसरू नका. 1866 च्या कायद्याप्रमाणे दोन्ही सभागृहांचं एकमत झालं नाही तर एकत्र बसून कुणाला तरी बहुमत मिळेपर्यंत रोज मतदान घ्यायचं. मिळालंच नाही तर? डेलावेअरमध्ये भांडण इतकं विकोपाला गेलं की 1901 ते 1903 त्या राज्याच्या सिनेटमधल्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. लाचेची प्रकरणं वेगळीच. इलिनॉयच्या विल्यम लॉरिमर यांची निवड सिनेटनेच 1912 मध्ये रद्द ठरवली.

आपल्याकडे राज्यसभेला पसंतीक्रमाने मत देतात, एकल संक्रमणीय पद्धत. त्यामुळे घोडेबाजार होतो, आमदारांना रिसॉर्टात नेऊन ठेवतात, पण जागा अशी वर्षानुवर्षं अडून राहत नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आणि वडोदरेकर म्हणून एक सांगतो. दुरुस्तीला पुरेशी संमती मिळाली 8 एप्रिल 1913 ला. त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

ग्वाल्हेरकर

मी थोडा विरोधात आहे. आमदार सिनेटर निवडत होते तोवर राज्य सरकारचा माणूस वॉशिंग्टनमध्ये बसायचा. आता राज्याच्या वतीने बोलणारं कुणी उरलं नाही. ही दुरुस्ती मागे घ्या म्हणणारे आजही तिथे आहेत. आणि लोक आधी काही झोपलेले नव्हते. 1858 मध्ये लिंकन आणि डग्लस इलिनॉयमधल्या 7 गावांत आमनेसामने बोलले, प्रत्येक वाद 3 तासांचा. मैदानात उभं राहून ऐकणाऱ्यांना सिनेटरसाठी मतच नव्हतं, ते होतं फक्त आमदारासाठी. अखेर विधिमंडळाने 54 विरुद्ध 46 मतांनी डग्लसना निवडलं.

इंदूरचा_वकील

काका, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं. सिनेटर कोण होणार हे डोळ्यांपुढे ठेवून लोक तेव्हाच आमदार निवडत होते. ओरेगॉनने त्याला लेखी सही जोडली, इतकंच.

दांडियाबाजार_वडोदरा

सर्वांचे मनापासून आभार. इतकी वर्षं मी 1913 पासून मागे पाहत होते, 1904 पासून पुढे पाहायला हवं होतं. ग्वाल्हेरकर, तुमचं म्हणणं मला पटलं नाही, पण लिंकनच्या सभांचं मी लिहून घेतलं आहे.

ती मुलगी आता मांजलपूरला राहते, स्वतः शिक्षिका आहे. तिच्या शाळेची सकाळपाळी साडेबाराला सुटते. तेव्हा फोन करून तिला ओरेगॉनचं सांगते.