हात ऐकत नाही तेव्हा
वर एका ताईंनी विचारलंय, पक्षाघातानंतर आईचा डावा हात आपोआप पदर ओढत राहतो, हे नाटक तर नाही ना? ताई, अजिबात नाही! मेंदूच्या पुढच्या भागाचं आतल्या बाजूचं बाह्यपटल (म्हणजे मेंदूचा वरचा थर) किंवा दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पूल दुखावला, की हात मनाविरुद्ध वागू शकतो. जर्मन मेंदूतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांनी १९०८ मध्येच अशी एक रुग्ण नोंदवली होती. तिचा डावा हात तिचाच गळा धरायचा. आमच्या मामांचा उजवा हात दाराची कडी धरायचा तो सोडायचाच नाही, मामी एकेक बोट सोडवायची. त्याच हातात काठी दिली की मात्र बराच शांत असायचा. आईंना रागावू नका, त्याच आधी घाबरलेल्या असतील. हाताचा व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना नक्की दाखवा.